सातव्या फोटोमागची ओळ

१

"...आता पुरे, दुकान बंद कर. किती दिवस अशी मेलेल्या माणसांत बसणार..."

फोनच्या पडद्यावर एवढीच ओळ होती. ती ज्याच्या तोंडची होती तो माणूस जाऊन चार महिने झाले होते.

भाचीने ती तीनदा वाचली. मग फोन पालथा घातला, आणि दोन मिनिटांनी न राहवून पुन्हा सरळ केला. ओळ हलली नव्हती. वर निळ्या अक्षरांत मामाच्या स्टुडिओचं नाव, त्याखाली पत्ता, त्याखाली हे.

"सोमवारी दिसलं मला," धाकटे मामा म्हणाले. हे मामाचे सख्खे भाऊ. एरवी इतके बोलके, की फोन ठेवताना समोरच्याला कारण शोधावं लागायचं. आज मात्र गोगलगायीसारखे आत गेले होते. "स्टुडिओचं नाव टाकलं सर्चमध्ये, आणि हे आलं. वहिनीला वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं का?"

वाचूनच दाखवावं लागणार होतं. मामीची नजर सहा वर्षांत हळूहळू गेली होती. आता तिला फक्त उजेड कुठल्या बाजूला आहे तेवढं कळायचं.

मामी स्टुडिओच्या खिडकीशी तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली होती. रडली नव्हती, आणि त्याचीच भाचीला जास्त भीती वाटत होती.

"मेलेल्या माणसांत बसणार," मामी सावकाश म्हणाली. "असं जगात दुसरं कोणी बोलत नाही गं. हे त्यांचेच शब्द. कोणी चावटपणा केला असता तर असा जमला नसता."

"अगं पण मामी..."

"त्यांनी सांगितलंय ना बंद कर म्हणून? मग झालं. ही जागा घेणारा औषधवाला शुक्रवारी अकराला येतोय किल्ली न्यायला. मी धाकट्यांकडे राहीन, मागच्या खोलीत."

ही मागची खोली भाचीने पाहिली होती. खिडकी होती, पण ती भिंतीकडे उघडायची. आणि इथे मामीला दारापासून खुर्चीपर्यंतची सतरा पावलं पाठ होती, रंगाच्या बाटल्या वासावरून ओळखू यायच्या, आल्यागेल्याला ती आवाजावरून नावानिशी हाक मारायची. इथून उठली की ही बाई महिन्याभरात सुकून जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आज मंगळवार होता.

२

फाटके, डागाळलेले, उंदरांनी कुरतडलेले फोटो जोडून देणारा हा स्टुडिओ, आणि त्याच्याच वर मामा-मामीचं घर. कोणाची आई अर्धीच उरलेली, कोणाच्या भावाचा चेहरा बुरशीने खाल्लेला, असली माणसं पाकिटांतून यायची आणि धडधाकट होऊन जायची. मामा जोडायचा, मामी रंग भरायची, भाची दिवसभर पाकिटं आणि हिशेब सांभाळायची. काही फोटो न्यायला कोणी आलंच नाही. ते भिंतीवर लावलेले होते. चाळीसेक अनोळखी, मेलेले चेहरे, सगळे मामाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघणारे. लहानपणी भाचीला त्यांची कधी भीती वाटली नव्हती. आज ती पाठ करून बसायला तयार नव्हती.

गिऱ्हाईक आटलं होतं, म्हणून तिने महिन्यापूर्वी एक ऑनलाइन क्लास लावला होता. आपलं पान लोकांच्या सर्चमध्ये वर कसं आणायचं, हे त्यात शिकवत. बारा धडे. तिचे तीन झाले होते आणि चौथ्याला ती दांडी मारून बसली होती. म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळं होण्याइतकीसुद्धा तयारी नव्हती. पण घरात दुसरं कोणाला तेवढंही येत नव्हतं, तेव्हा तपास तिच्याच गळ्यात पडला.

तिने आधी पान उघडलं. स्टुडिओचं नाव, पत्ता, वेळ, आणि एकाखाली एक फोटो. बस्स. ती भुताटकीची ओळ कुठेच नव्हती. वरून खाली, खालून वर, दोनदा पाहिलं.

पान करून देणाऱ्या वेबवाल्याला तिने फोन लावला.

"ताई, मी तर ते पान करून दिल्यावर हात लावलेला नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात चार गिऱ्हाइकांची घाई होती. "पासवर्ड दोघांकडेच. एक काकांकडे, एक तुमच्याकडे. थांबा, नोंद बघतो. काका गेल्यानंतर आत कोणी शिरलंय का... हो, शिरलंय की. एकदाच. गेल्या मंगळवारी दुपारी."

भाची ताठ बसली. "कोण?"

"तुम्हीच, ताई."

"मी? मी तर फक्त एक वाक्य पुसलं होतं! लिहिलं काहीच नाही!"

"मग मी काय सांगू?" तो म्हणाला. "कुलूप शाबूत आहे. लिहायचं असेल तर बाहेरच्या कोणाला जमणार नाही. आतलाच कोणीतरी पाहिजे."

आतला म्हणजे मामा. 

३

स्टुडिओत उरलेला कारागीर म्हणजे सुई. एवढा किडकिडीत, की मामाने त्याचं नाव सुई ठेवलं आणि ते त्याला चिकटलं. वीस वर्षांत या माणसाने वीस वाक्यं बोलली असतील. पहिल्या तारखेपासून तो दुसऱ्या एका स्टुडिओत जाणार होता, आणि जाताना इथलं गिऱ्हाईक सोबत नेलं तर त्याला कोण अडवणार? म्हणजे ओळ लिहिण्यात फायदा त्याचाही होता.

"सुईकाका, ती ओळ तुम्ही पाहिलीत?"

त्याने भिंग खाली ठेवलं. 

"ती नाही. मला दुसरी आली."

"दुसरी म्हणजे?"

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर त्याच्या बारीक अक्षरात लिहून घेतलेलं होतं: "...निळा रंग उडाला, पण हात अजून तसाच आहे, खांद्यावर ठेवलेला..."

"शनिवारी एक काम अडलं होतं," सुई म्हणाला. "साहेबांनी तसलं एक दुरुस्त केलेलं आठवत होतं. म्हणून स्टुडिओचं नाव टाकलं आणि पुढे 'निळा रंग उडाला' टाकलं. तर हे. ते जोडकाम करताना माझ्यामागे उभे राहून खांद्यावर हात ठेवायचे. तुला माहितीये." त्याने नकळत डावा खांदा चाचपला. "तेव्हापासून मी दिवा लावूनच काम करतो. भर दुपारीसुद्धा."

त्याने एका दमात इतकं बोलण्याचीच भाचीला जास्त धास्ती वाटली. तिने विषय बदलला. "मामी आणि मामा संध्याकाळी काय करायचे? मी तेव्हा घरी गेलेली असायचे."

"वहिनींची नजर गेल्यापासून? काम संपलं की साहेब एकेक फोटो घेऊन त्यांच्याशेजारी बसायचे आणि सांगायचे. कोण आहे, कसं हसतंय, लुगड्याचा काठ कुठल्या रंगाचा. वहिनी मान हलवायच्या. एक दिवस चुकवला नाही."

ती आपल्या जागी येऊन बसली. भिंतीवरचे चाळीस चेहरे बघत होते. आपण हे का करतोय हे तिला कळत नव्हतं, पण तिने फोन उचलला, सर्चमध्ये स्टुडिओचं नाव टाकलं आणि त्यापुढे दोन शब्द लिहिले: कोण आहे.

उत्तर लगेच आलं.

"...कडेला कोण आहे ते कळत नाही, पण तो आपल्याकडेच बघतोय..."

खुर्ची मागे पडली. सुई धावत आला. भाची दारात उभी होती, आणि काही केल्या तिला आत यायचं नव्हतं.

४

बुधवारी सकाळी डोकं ठिकाणावर आलं. भुताची भीती वाटावी एवढी ती वाटतच होती, पण एक गोष्ट खटकत होती. मामा हयातीत कोणाच्या प्रश्नाला सरळ उत्तर देत नसे. मेल्यावर एवढा हजरजबाबी कसा झाला?

ती धाकट्या मामांच्या घरी गेली.

"मामा, सोमवारी तुम्ही नक्की काय टाइप केलं होतंत?"

"स्टुडिओचं नाव. सांगितलं की."

"नुसतं नाव?"

धाकट्या मामांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

"आणि पुढे... 'दुकान बंद'," ते म्हणाले. "अगं, तसं काही नाही. दादा गेल्यावर लोकांनी तिथे 'बंद' असं टाकलंय का, ते बघत होतो."

"मामा."

"बरं, बाई, बरं! बंद व्हावं असं वाटत होतं मला. वहिनीला दिसत नाही, एकटी असते दिवसभर. उद्या पडली-झडली तर? औषधवाला चांगला माणूस आहे. मीच त्याला आणला. पण ती ओळ मी लिहिली नाही, आईशप्पथ. मी ते पान उघडून बघितलं, आत काही नव्हतं. माझी बोबडी वळली. मला वाटलं, दादाने माझ्या मनातलं ओळखलं."

खोटं बोलणारा माणूस इतका केविलवाणा दिसत नाही. भाचीला त्यांची दया आली. पण तिचं डोकं पुढे धावत होतं. तिने त्यांचाच फोन मागून घेतला आणि स्टुडिओच्या नावापुढे सुईचे शब्द टाकले: निळा रंग उडाला.

सुईला आलेली ओळ आली. हात, खांदा, सगळं तेच.

मग स्वतःच्या फोनवर 'दुकान बंद' टाकलं. धाकट्या मामांची ओळ आली, एका अक्षराचा फरक नाही.

"म्हणजे हा सर्च माणसं ओळखत नाहीये," ती म्हणाली. "जो जे शब्द टाकतो, ते शब्द जिथे आहेत तेवढाच तुकडा उचलून समोर धरतोय. तुम्ही 'बंद' मागितलं, तुम्हाला बंद मिळालं. मामा, या ओळीच्या पुढेमागे तीन-तीन टिंबं आहेत, बघितलीत? मागचंही कापलंय, पुढचंही कापलंय."

"टिंबं कोण वाचतं?" धाकटे मामा म्हणाले.

म्हणजे मजकूर कुठेतरी होता. पूर्ण होता. फक्त डोळ्यांना दिसत नव्हता.

५

गुरुवारी ती मामीजवळ बसली. मामी सामानाची बांधाबांध करत होती. ब्रश एकेक चाचपून, केसांवरून बोट फिरवून, जुन्या रुमालात गुंडाळत होती. औषधांच्या दुकानात जाणाऱ्या जागेत ब्रश ठेवून करायचंय काय, असं तिनेच म्हटलं होतं. तरी एक ब्रश ती पुन्हा पुन्हा सोडवून हातात घेत होती.

"मामी, ते वेबचं पान मामाने तुला कधी सांगितलं होतं?"

"सांगितलं की. महिनाभर त्याच्याच नादाला लागले होते. म्हणाले, पूर्ण झालं की तुला ऐकवीन. राहूनच गेलं. नंतर उघडायचा धीर झाला नाही बाई. फोन सगळं वाचून दाखवतो, तेवढं येतं मला, पण त्यांच्या दुकानाचं नाव त्या यंत्राच्या आवाजात ऐकवलं नसतं."

"किती फोटो लावणार होते?"

"सहा. सहाही मला विचारून निवडले."

 पान तिने दोनदा वरून खाली पाहिलं होतं, आणि ती ओळ शोधण्याच्या नादात शेवटच्या फोटोकडे नीट लक्ष दिलं नव्हतं. आता तिने मनातल्या मनात मोजले. सात होते.

आणि 'दाखवीन' नाही. 'ऐकवीन'.

ती उठली आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसली. चुकवलेला चौथा धडा तिने घाईने ऐकला आणि तिच्या कानशिलांत जाळ झाला. धड्यात बाई सांगत होत्या, पानाचं वर्णन म्हणून एक वाक्य लिहून ठेवायचं असतं, तेच सर्चमध्ये नावाखाली बहुतेक वेळा दिसतं. ती जागा कधीही रिकामी सोडू नका, नाहीतर सर्च पानावरचं हाताला लागेल ते उचलतो. तिसऱ्या धड्यानंतर भाचीने उत्साहाच्या भरात मामाचं साधंसुधं वाक्य पुसून टाकलं होतं, चांगलं लिहू म्हणून. 'जुने, फाटके फोटो दुरुस्त करून मिळतील.' त्यानंतर ती जागा नऊ दिवस रिकामी होती.

म्हणजे दार तिनेच उघडं टाकलं होतं. मामीला दुकानातून उठवायला निघालेलं भूत तिच्याच हातून सुटलं होतं. तिला रडू आलं, आणि रडता रडताच तिने पाचवा धडा लावला.

"सर्चला डोळे नसतात," बाई म्हणाल्या. "फोटोत काय आहे ते त्याला दिसत नाही. म्हणून प्रत्येक फोटोमागे शब्दांत वर्णन लिहून ठेवा. ते पानावर दिसत नाही, पण सर्च वाचतो, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना त्यांचा फोन वाचून दाखवतो."

भाचीने धडा तिथेच थांबवला. मग पासवर्ड टाकून ती पानाच्या आत शिरली आणि पहिल्या फोटोची मागची बाजू उघडली.

६

शुक्रवारी अकराला सगळे दाराजवळच्या टेबलाशी जमले. औषधवाला, धाकटे मामा, सुई. किल्ली मामीच्या मुठीत होती.

"पाच मिनिटं," भाची म्हणाली. "ओळ कोणी लिहिली ते सांगते, मग खुशाल किल्ली द्या. मामी, ओळ मामानेच लिहिली."

धाकट्या मामांनी भिंतीला हात टेकला.

"जिवंतपणी लिहिली. पानावरच्या फोटोंमागे. बाकीच्यांना ती दिसू नये, आणि तुला ऐकू यावी म्हणून. चार महिने ती तिथेच गप्प होती. मी वरचं वाक्य पुसलं म्हणून तिचे तुकडे बाहेर पडले. चूक माझी आहे, मामी. आणि धाकट्या मामांनी 'दुकान बंद' विचारलं म्हणून नेमका तोच तुकडा आला. तू ऐकलंस ते अर्धंच होतं."

तिने मामीचा फोन टेबलावर ठेवला आणि पान सुरू केलं. यंत्राचा सपाट बायकी आवाज खोलीत घुमू लागला.

"दुसरा फोटो. बाप आणि मुलगा. कोटाचा निळा रंग उडाला, पण हात अजून तसाच आहे, खांद्यावर ठेवलेला." सुईने मान खाली घातली. "पाचवा फोटो. मोठं कुटुंब, अकरा माणसं. कडेला कोण आहे ते कळत नाही, पण तो आपल्याकडेच बघतोय. तुला आवडेल असा आहे."

मामीचे ओठ हलत होते. सहाही तिला पाठ होते. सहावा संपला तशी ती उठायला लागली.

"थांब," भाची म्हणाली.

"सातवा फोटो," आवाज म्हणाला. "हा गिऱ्हाइकाचा नाही, तुझा आहे. खिडकीशी बसलीयस. हातात बारीक ब्रश, गालावर निळ्या रंगाचा ठिपका. समोर कोणाचे तरी आजोबा अर्धे रंगवून झालेत. त्या दिवशी मी तुला म्हणालो होतो, आता पुरे, दुकान बंद कर. किती दिवस अशी मेलेल्या माणसांत बसणार? तू मान वर न करता म्हणालीस, यांची कोणीतरी वाट बघतंय, तुम्ही व्हा पुढे. मी पुढे गेलो नाही. दारात उभा राहून हा फोटो काढला. आता तुला दिसत नाही म्हणून सांगतो. फार सुंदर दिसतेयस. आणि दुकानाचं म्हणशील, तर तेव्हा माझं ऐकलं नाहीस ते बरं केलंस. पुढेही ऐकू नकोस."

आवाज थांबला.  मामी रडत होती, चार महिन्यांत पहिल्यांदा, लहान मुलासारखी तोंड उघडं टाकून. धाकटे मामाही रडत होते, फक्त आवाज न करता.

"एवढं बोलायचं होतं," मामी शेवटी म्हणाली, "तर तोंडाने नाही का बोलायचं, अहो?"

मग तिने पदराने डोळे पुसले आणि औषधवाल्याच्या दिशेने तोंड केलं. "भाऊ, तुम्हाला फुकट हेलपाटा पडला. मी किल्ली देत नाही."

औषधवाला खरोखरच चांगला माणूस होता. खाली ठेवलेली पिशवी त्याने उचलली, आणि जाता जाता, माझ्या वडिलांचा एक फोटो आहे, आणू का, असं विचारून गेला.

भाचीने पानावरची वर्णनाची रिकामी जागा उघडली. "मामी, इथे काय लिहू?"

"त्यांचंच वाक्य टाक. आणि पुढे लिही, दुकान उघडं आहे."

धाकटे मामा घसा खाकरून पुढे आले. "वहिनी, तुझ्या मनात नक्की काय आहे, ते मला आता..."

"सर्चमध्ये टाकू नका," मामी म्हणाली. "मी इथे समोर बसलेय. मला विचारा."

ती सतरा पावलं चालत जाऊन खिडकीशी बसली. रुमालातून तो एक ब्रश सोडवून तिने हातात धरला. सुई अजून दारापाशीच घुटमळत होता. पहिली तारीख चार दिवसांवर होती.

"सुई," मामीने हाक मारली. "टेबलावर आज कोण आहे?"

सुईने खिडकीकडे बघितलं, मग टेबलाकडे. त्याने दुपारचा दिवा बंद केला, फोटो दोन्ही हातांत उचलला आणि स्टूल ओढून तिच्याशेजारी बसला.

"एक बाई आहे, वहिनी," तो अडखळत म्हणाला. "तिशीची असेल. हसायचं की नाही, ते तिचं ठरत नाहीये."